व्हॅल-प्रो-प्रो: उन्हाळ्यात घटणारा उतारा आणि चुकीचा संशयित

जळगावच्या एमआयडीसीत एक छोटी कंत्राटी प्रयोगशाळा आहे. चार-पाच केमिस्ट, दोन ऑपरेटर, एक एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), दोन रोटावेपर (निर्वातात द्रावक आटवणारी यंत्रं). नाव न घेण्याच्या अटीवर त्यांनी हे प्रकरण लिहू दिलं. तिथे व्हॅलिन-प्रोलिन-प्रोलिन हे तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड द्रावणात बनवलं जात होतं. उतारा, म्हणजे यील्ड, आधीच कमी होता आणि वर्षागणिक एक विचित्र चढउतार दाखवत होता. मला बोलावलं ते शुद्धीकरणासाठी. मालकांनी प्रेपरेटिव्ह, म्हणजे माल मोठ्या प्रमाणात शुद्ध करणाऱ्या, एचपीएलसीचं कोटेशन मागवून ठेवलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी 'हो, घ्या' म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा होती.

हे पेप्टाइड दुधातल्या बीटा-केसिन प्रथिनाचा तुकडा आहे. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस या जिवाणूने आंबवलेल्या दुधात ते तयार होतं. रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतल्या एसीई या एन्झाइमला ते अडवतं, हे जपानी संशोधकांनी १९९५ साली मांडलं. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल पुढे उलटसुलट आले, पण दुग्धपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळांना ते मोजायचं असतं. मोजायचं तर शुद्ध संदर्भ नमुना लागतो. मागणी त्यासाठीच होती, काही ग्रॅमपासून पन्नासेक ग्रॅमपर्यंत.

एवढ्या छोट्या पेप्टाइडसाठी घन आधाराची, म्हणजे रेझिनवरची पद्धत का वापरत नाही, असं कुणीही विचारेल. मेरिफिल्डने ती १९६३ साली मांडली आणि १९८४ साली तिच्यासाठी त्याला नोबेल मिळालं. लांब साखळीला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिथे प्रत्येक टप्प्याला अमिनो आम्ल आणि जोडणीचा अभिकारक गरजेपेक्षा जास्त घालावा लागतो आणि रेझिन पुन्हापुन्हा धुण्यात डीएमएफ या द्रावकाचे कॅनच्या कॅन रिकामे होतात. तीन अमिनो आम्लांच्या साखळीसाठी द्रावणातलं काम स्वस्त पडतं. शिवाय मधला प्रत्येक पदार्थ बाहेर काढून तपासता येतो, जमलं तर स्फटिकरूपात शुद्ध करता येतो. मात्र तो बाहेर काढून ठेवणं सुरक्षित आहे का, हे आधी पाहावं लागतं.

जुना मार्ग

एल-प्रोलिन, मिथेनॉल आणि थायोनिल क्लोराइड यांपासून प्रोलिन मिथाइल एस्टरचा हायड्रोक्लोराइड क्षार तिथेच बनवायचे. स्वस्त आणि बिनत्रासाचं काम. त्याला ईडीसी आणि एचओबीटी हे जोडणीचे अभिकारक वापरून बॉक-प्रोलिन, म्हणजे अमिन 'बॉक' या तात्पुरत्या संरक्षक गटाने झाकलेलं प्रोलिन, जोडायचे, डायक्लोरोमिथेन या द्रावकात. इथपर्यंत उतारा नव्वदच्या घरात. मग ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लाने, म्हणजे टीएफएने, बॉक काढायचा, सोडियम बायकार्बोनेटने आम्ल मारायचं, मोकळं झालेलं अमिन डायक्लोरोमिथेनमध्ये तीन-चारदा ओढून घ्यायचं, रोटावेपरवर आटवायचं आणि हाती आलेल्या तेलकट पदार्थाला बॉक-व्हॅलिन जोडायचं. शेवटी लिथियम हायड्रॉक्साइडने एस्टर तोडायचा आणि टीएफएने उरलेला बॉक.

पाठ्यपुस्तकात पेप्टाइड असंच बांधतात, कार्बॉक्सिल टोकाकडून सुरुवात करून अमिनो टोकाकडे. त्यामागे कारणही आहे. वाढणाऱ्या साखळीचं कार्बॉक्सिल कधी सक्रिय करावंच लागत नाही. सक्रिय होतं ते प्रत्येक वेळी बॉक लावलेलं एकटं अमिनो आम्ल. बॉकसारखा युरेथेन गट असला की त्या अमिनो आम्लाचा डावा-उजवेपणा सहसा टिकतो. त्यामुळे मार्ग निवडणाऱ्याला दोष देता येत नाही.

दुसऱ्या जोडणीचा उतारा थंडीत पन्नास-साठ टक्के यायचा, एप्रिल-मे महिन्यांत तिसाच्याही खाली जायचा. अंतिम पदार्थाच्या एचपीएलसीत एका शिखराऐवजी दोन उंचवटे दिसायचे, मध्ये दरी न पडलेले. मधल्या पदार्थांच्या एनएमआरमध्येही (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) बरेच संकेत जोडीजोडीने यायचे. केमिस्ट मॅडमनी निष्कर्ष काढला की व्हॅलिन रेसिमाइझ होतंय, म्हणजे त्याचा डावा-उजवेपणा ढळतोय, एल-व्हॅलिनबरोबर डी-व्हॅलिनचं पेप्टाइडही तयार होतंय, आणि अभिकारक बदलायला घेतले. ईडीसीच्या जागी डीसीसी आणलं, तर डायसायक्लोहेक्झाइलयुरिया गाळूनही थोडा थोडा मागे राहू लागला. मग एचएटीयू आणलं. ते महाग, आणि जोडणी रेंगाळली तर स्वतःच अमिनला जाऊन चिकटणारं. तापमान उणे दहापर्यंत नेलं, आम्लारीचा, म्हणजे बेसचा, प्रकार बदलला, ट्रायएथिलअमिनच्या ऐवजी एन-मिथाइलमॉर्फोलिन घेतलं. उंचवटे दोनच राहिले आणि उतारा ऋतूप्रमाणे वरखाली होत राहिला.

संशयित का पटत नव्हता

रेसिमायझेशनचा मुख्य रस्ता ऑक्साझोलोन या पाचकडी वलयातून जातो. सक्रिय झालेल्या कार्बॉक्सिलवर शेजारचा अमाइड ऑक्सिजन येऊन बसतो आणि मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल पडतो. बॉक-व्हॅलिनमध्ये हे अवघड असतं. प्रोलिनचं कार्बॉक्सिल सक्रिय केलं तरीही अवघडच, कारण प्रोलिनच्या नायट्रोजनवर, तो साखळीत गुंफला गेल्यावर, हायड्रोजन उरत नाही आणि नेहमीचा ऑक्साझोलोन तयार होऊ शकत नाही. तुकडे जोडताना तुकड्याचं टोक ग्लायसिनवर किंवा प्रोलिनवर यावं, हा जुना संकेत याच कारणाने पडला. म्हणजे या पेप्टाइडमध्ये रेसिमायझेशनला वाव सगळ्यात कमी होता, आणि खर्च सगळा त्याच्यावर चालला होता.

मग जोडशिखरं कशाची? प्रोलिनच्या आधीचा पेप्टाइड बंध दोन ठेवणींत राहू शकतो, ट्रान्स आणि सिस. बाकीच्या अमिनो आम्लांच्या बाबतीत सिसचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असतं. प्रोलिनच्या बाबतीत छोट्या पेप्टाइडांत ते सहज दहा ते तीस टक्के असतं. एका ठेवणीतून दुसरीत जाण्याचा वेग एनएमआरच्या दृष्टीने मंद असतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या दिसतात. बॉक गटामुळे त्यात आणखी भर पडते. एचपीएलसीच्या स्तंभातही तसंच, शिखर फाटतं किंवा पसरतं. वस्तुमान वर्णपट इथे उपयोगाचा नाही. ठेवणी दोन असोत की रेसिमायझेशन झालेलं असो, दोन्हींचं वस्तुमान तेच, प्रोटॉनसह ३१२.

तपासणी सोपी होती. स्तंभाचा ओव्हन खोलीच्या तापमानावरून ६० अंशांवर नेला. दोन उंचवटे एकमेकांत मिसळून एक शिखर उरलं. बॉक-डी-व्हॅलिन घेऊन मुद्दाम डी-व्हॅलिनचं पेप्टाइड थोडं बनवलं आणि नमुन्यात मिसळून पाहिलं, तर ते ६० अंशांनाही वेगळ्या जागी उतरलं. मूळ नमुन्यात त्या जागी नगण्य काही होतं. संरक्षित डायपेप्टाइडचा एनएमआर बाहेरून ८० अंशांवर करून आणला, त्यातही जोड्या एकत्र येऊ लागलेल्या दिसल्या. रेसिमायझेशनचा संशय इथे संपला आणि प्रेपरेटिव्ह एचपीएलसीचं कोटेशनही. दोन ठेवणी स्तंभावर वेगळ्या केल्या असत्या तरी बाटलीत जाईपर्यंत त्या पुन्हा एकमेकींत बदलल्याच असत्या.

पण माल जात कुठे होता, ते अजून कळलं नव्हतं.

उन्हाळा

पहिला धागा पारोळ्याहून येणाऱ्या ऑपरेटर दादांनी दिला. मे महिन्यात उतारा का पडतो, असं त्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, "उन्हायामा हाई असंच व्हस सर. आटायलेच येळ लागस." आटवायलाच वेळ लागतो. रोटावेपरच्या कंडेन्सरमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी फिरत होतं. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना त्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळतं, त्यामुळे त्याची वाफ त्या कंडेन्सरमध्ये नीट थंड होत नाही. निर्वात कमी ठेवावा लागतो आणि थंडीत तासाभरात होणारं आटवणं अर्धा दिवस चालतं. मध्येच वीज गेली की फ्लास्क कोमट पाण्यात तसाच लटकत राहतो.

त्या फ्लास्कमध्ये असायचा मोकळा प्रोलिल-प्रोलिन मिथाइल एस्टर.

अशा डायपेप्टाइड एस्टरमध्ये एका टोकाला मोकळं अमिन असतं आणि दुसऱ्या टोकाला एस्टर. दोन्ही समोरासमोर आले की अमिन एस्टरवर हल्ला करतं, मिथेनॉल सुटतं आणि सहाकडी वलय बंद होतं. हे डायकीटोपिपेरझिन, प्रयोगशाळेच्या भाषेत डीकेपी. समोरासमोर येण्यासाठी मधला बंध सिस हवा. इतर डायपेप्टाइडांना तिथवर पोचायला वेळ लागतो. इथे प्रोलिनमुळे रेणूंचा मोठा हिस्सा मुळातच सिस असतो. ज्या गुणामुळे एचपीएलसीत खोटी जोडशिखरं दिसत होती, त्याच गुणामुळे माल खरोखर संपत होता.

हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा या प्रकरणातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग. जोडणी पूर्ण झाली की नाही, हे तिथे टीएलसीवर (पदार्थ डागांच्या रूपात वेगळे करणारी पट्टी) निनहायड्रिन हे मोकळ्या अमिनला रंग देणारं रसायन मारून ठरवत. मोकळं प्रोलिन अमिन पिवळा डाग देतं. डाग गेला म्हणजे अमिन संपलं, अमिन संपलं म्हणजे जोडणी झाली, असं समजायचं. पण अमिन दोन वाटांनी संपू शकतं. डीकेपीत मोकळं अमिन नसतं, त्यामुळे निनहायड्रिनला ते दिसत नाही. पुढे धुण्याच्या पाण्यातही ते बऱ्यापैकी विरघळून जातं. म्हणजे ते पट्टीवर दिसत नव्हतं आणि तराजूवरही येत नव्हतं. उन्हाळ्यात निनहायड्रिनचा डाग लवकर जातो, म्हणून 'उन्हाळ्यात जोडणी चांगली चालते' अशी नोंदसुद्धा वहीत सापडली.

सिद्ध करायला एक बॅच सुरुवातीपासून हिशेबाने केली. काहीही फेकायचं नाही. धुण्याचं प्रत्येक पाणी वेगळ्या बाटलीत, प्रत्येक बाटली आटवून वजन. टीएलसीची पट्टी निनहायड्रिनबरोबरच आयोडीनच्या डबीतही ठेवली. आयोडीनमध्ये एक तपकिरी डाग उमटला, निनहायड्रिनला कोरा. वस्तुमान वर्णपटात प्रोटॉनसह १९५. एस्टरचं रेणूवजन २२६, त्यातून मिथेनॉलचे ३२ गेले की १९४. शंका उरली नाही. मग प्रोलिल-प्रोलिन मिथाइल एस्टरच्या हायड्रोक्लोराइड क्षाराचे दोन सारखे भाग घेतले, दोन्हींत आम्लारी घातली, एक बर्फात ठेवला, एक ४० अंशांच्या पाण्यात. गरम फ्लास्कमधला एस्टरचा डाग दुपारपर्यंतच फिका पडला. बर्फातला दुसऱ्या दिवशीही ठळक होता.

डागडुजी

आधी कमीत कमी बदल करून पाहिला. बॉक टीएफएऐवजी डायऑक्सेनमधल्या हायड्रोजन क्लोराइडने काढायचा आणि अमिन मोकळं न करता क्षार म्हणूनच ठेवायचं. क्षारात अमिनवर प्रोटॉन असतो, हल्ला करायला इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी नसते, त्यामुळे तो तुलनेने निर्धास्त. बॉक-व्हॅलिन आधी सक्रिय करून थंड ठेवायचं, त्यात क्षार घालायचा आणि आम्लारी सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने. आटवणं या टप्प्यातून बादच झालं.

उतारा वाढला आणि ऋतूचा फरक बराच कमी झाला. पण सत्तरच्या पुढे काही गेला नाही. कारण पुन्हा रेणूंच्या ठेवणीत होतं. व्हॅलिनच्या बीटा कार्बनवर फांदी आहे, म्हणून ते सावकाश जोडलं जातं. समोर प्रोलिनचं दुय्यम अमिन, तेही गर्दीतलं. जोडणी जितकी रेंगाळेल तितका वेळ मोकळ्या अमिनला वलय बंद करायला मिळतो. आयसोब्युटाइल क्लोरोफॉर्मेटने मिश्र अॅनहायड्राइड करून वेग वाढवायचा प्रयत्न झाला, तेव्हा अमिन चुकीच्या कार्बोनिलवर जाऊन कार्बामेट तयार झालं. व्हॅलिन आणि प्रोलिन समोरासमोर असताना असं होणं अपेक्षितच होतं, आणि हा प्रयोग करू नये असं माझं मत होतं. स्वस्त आहे म्हणून केला.

दिशा उलटी

उपाय मार्ग बदलण्यात होता. प्रोलिल-प्रोलिन एस्टर हा पदार्थ बनवायचाच नाही. आधी बॉक-व्हॅलिन आणि प्रोलिन मिथाइल एस्टर जोडायचे. मिळालेल्या बॉक-व्हॅलिल-प्रोलिनचा मिथाइल एस्टर तोडून आम्ल मोकळं करायचं आणि ते दुसऱ्या प्रोलिनच्या तृतीयक-ब्युटाइल एस्टरला जोडायचं. या सगळ्या प्रवासात मोकळं अमिन असलेला डायपेप्टाइड एस्टर एकदाही तयार होत नाही. बॉक शेवटपर्यंत जागेवर राहतो.

पाठ्यपुस्तकी शिस्तीच्या हे विरुद्ध आहे, कारण इथे डायपेप्टाइडचं कार्बॉक्सिल सक्रिय करावं लागतं, आणि तिथेच एरवी रेसिमायझेशनची भीती असते. पण तुकड्याचं टोक प्रोलिनवर येत असल्याने ती भीती इथे सगळ्यात कमी. व्हॅलिन-प्रोलिन-व्हॅलिन असतं तरीही हा तुकडा चालला असता; प्रोलिन-व्हॅलिन-प्रोलिन असतं तर मी असं सुचवलं नसतं.

ब्युटाइल एस्टर निवडण्याची कारणं दोन. तो आकाराने आडमुठा, त्यामुळे अमिनच्या हल्ल्याला सहज बळी पडत नाही. प्रोलिनचा मिथाइल एस्टर मोकळा करून ठेवला तर दोन रेणू एकमेकांना भिडून तेच डीकेपी देऊ शकतात. ब्युटाइल एस्टरमध्ये तो धोका खूप कमी. दुसरं म्हणजे बॉक आणि ब्युटाइल दोन्ही टीएफएला एकदमच सुटतात, शेवटचे दोन टप्पे एकात येतात. चार टप्पे नव्वद टक्क्यांनी गेले तर शेवटी सुमारे ६६ टक्के हाती लागतात, तीन गेले तर ७३. एक टप्पा वाचणं म्हणजे एवढा फरक, शिवाय एकदा कमी धुणं.

जोडणीसाठी टीथ्रीपी, म्हणजे प्रोपेनफॉस्फोनिक अॅनहायड्राइड, इथिल अॅसिटेटमधल्या द्रावणात मिळतं ते घेतलं. त्याचे उरलेले पदार्थ पाण्यात धुऊन जातात, युरियाची कटकट राहत नाही आणि एचओबीटीही लागत नाही. निर्जल एचओबीटी स्फोटकांच्या यादीत येतं, त्याची वाहतूक आणि साठवण डोकेदुखी असते. ईडीसीपेक्षा टीथ्रीपी महाग पडतं, पण एचएटीयूपेक्षा स्वस्त, आणि तिथल्या कामाला पुरेसं.

द्रावक बदलणं हे या निमित्ताने साधलेलं काम. खान्देशात उन्हाळ्यात डायक्लोरोमिथेन वापरणं मला मुळातच पटत नाही. ४५ अंशांच्या दुपारी त्याचा उत्कलनबिंदू बाहेरच्या हवेच्या खाली असतो. ड्रमचं झाकण उघडलं की फुसकारा येतो आणि त्याची वाफ नाकात जाते. इथिल अॅसिटेट ७७ अंशांना उकळतं, पाण्यापासून नीट वेगळं होतं आणि गच्चीच्या टाकीचं पाणीही त्याला पुरतं. डायइथिल इथरचीही अडचण डायक्लोरोमिथेनसारखीच. शेवटी पेप्टाइड साका म्हणून पाडायला ते इथर वापरत होते, उत्कलनबिंदू ३५ अंशांच्या आत. त्याजागी एमटीबीई हे दुसरं इथर आणलं, जे ५५ अंशांना उकळतं. साका मात्र सुरुवातीला चिकट गोळाच व्हायचा. टीएफए आधी चांगलं आटवून काढलं आणि थंड एमटीबीईत जोरात ढवळलं तेव्हा पावडर पडू लागली.

लक्ष द्यावं लागलं ते मिथाइल एस्टर तोडण्याच्या टप्प्यावर. लिथियम हायड्रॉक्साइड गरजेपेक्षा थोडंच जास्त घ्यायचं आणि भांडं बर्फात ठेवायचं, कारण गरम आम्लारीत प्रोलिनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटू शकतो, आणि मग ज्या रेसिमायझेशनचा आधी खोटा आळ आला होता ते खरोखर घडेल. आम्लधर्मी करताना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी सायट्रिक आम्ल वापरलं, बॉक ढळू नये म्हणून. मिळालेलं बॉक-व्हॅलिल-प्रोलिन घनरूपात येतं. इथिल अॅसिटेट आणि हेक्झेनमधून ते स्फटिकरूपात काढण्याची सवय लावली. द्रावणातल्या पद्धतीचा खरा फायदा याच टप्प्यावर मिळतो.

नव्या मार्गाने एकूण उतारा जुन्या हिवाळी उताऱ्याच्याही वर गेला, आणि मे महिन्यात केलेल्या बॅचा डिसेंबरच्या बॅचांशी जुळू लागल्या. ६० अंशांच्या स्तंभावर एकच शिखर, डी-व्हॅलिनच्या जागी आधीइतकंच नगण्य.

राहिलेलं

तयार पेप्टाइडही पूर्ण निर्धास्त नाही. व्हॅलिन-प्रोलिनचं टोक मोकळं असल्याने ते हळूहळू वलय बंद करून शेवटचं प्रोलिन सोडून देऊ शकतं. दुसऱ्या जागी प्रोलिन असलेल्या पेप्टाइडांचा हा दोषच आहे. वस्तुमानात प्रोटॉनसह १९७ दिसू लागलं की ओळखायचं. म्हणून नमुना द्रावणात ठेवायचा नाही, आम्लाचा क्षार म्हणून कोरडा करून फ्रीजमध्ये ठेवायचा. ग्राहकाला पाठवताना मे महिन्यात बर्फाच्या पिशव्या घालायच्या की नाही, यावर वाद झाला. मी घालाच म्हटलं. कुरियरचा खर्च कोण देणार, ते त्यांनी आपसात ठरवलं.

टीएफए मात्र अजून आहे. ते फ्लोरिनयुक्त, निसर्गात मोडत नाही, आणि अंतिम पदार्थ ट्रायफ्लुरोअॅसेटेट क्षार म्हणूनच निघतो. काही ग्राहकांना तो हायड्रोक्लोराइड म्हणून हवा असतो, त्यासाठी क्षार बदलण्याचा एक जादा टप्पा होतो. ब्युटाइलऐवजी बेंझाइल एस्टर घेतला तर तो हायड्रोजनने काढता येईल आणि बॉक हायड्रोजन क्लोराइडने. पण मग पॅलेडियम आणि हायड्रोजनचं सिलिंडर आलं, आणि सध्याच्या शेडमध्ये हायड्रोजन आणायला माझा विरोध आहे.

पुढची मागणी आयसोल्युसिन-प्रोलिन-प्रोलिनची आली आहे. मार्ग तोच राहील. आयसोल्युसिनला दोन असममित कार्बन आहेत, त्यामुळे तुलनेसाठी डी-अॅलो-आयसोल्युसिनचं पेप्टाइड आधी बनवून ठेवायला सांगितलं आहे. आयसोल्युसिनही व्हॅलिनसारखंच फांदीचं, त्यामुळे पहिल्या जोडणीला रात्रभर वेळ द्यावा लागेल. आणि ती पूर्ण झाली हे निनहायड्रिनवरून ठरवायचं नाही, एचपीएलसीत उत्पादनाचं शिखर पाहून ठरवायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे.